गूगलवर शोधणं आणि चॅटबॉटला विचारणं

गूगलवर शोधणं आणि चॅटजीपीटी किंवा जेमिनाय अशा चॅटबॉटला विचारणं, हे आमच्या वयाच्या बहुतेकांना एकच काम वाटतं. दोन्हीकडे एक चौकट असते, मराठीत बोललं तरी चालतं आणि क्षणात उत्तर येतं. आत मात्र दोन्हींचं काम अगदी निराळ्या पद्धतीने चालतं. निवृत्तीनंतर आपले प्रश्न असतात पेन्शनचे, व्याजाचे, औषधांचे आणि आमच्या मुंबईत तर हमखास सोसायटीच्या पुनर्विकासाचे. तिथे हा फरक ठाऊक नसेल तर पैसा आणि तब्येत दोन्ही पणाला लागतात.

गूगल जगभरच्या वेबसाइट आधीच चाळून त्यांची सूची करून ठेवतं आणि आपल्या शब्दांशी जुळणारी पानं क्रमाने मांडतं. त्या पानांवरचा मजकूर दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला असतो. कुणी लिहिलाय हे पत्त्यावरून कळतं, बऱ्याचदा तारीखही दिसते. चॅटबॉट वाक्यं स्वतः रचतो. अमुक शब्दांनंतर कोणते शब्द येण्याची शक्यता जास्त, हे तो अफाट मजकुरावरून शिकलेला असतो आणि त्या अंदाजाने उत्तर जुळवत जातो. म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारला की शब्द बदलतात, कधी आकडाही बदलतो. शिवाय त्याचं शिक्षण जिथे थांबलं, त्यानंतर काय घडलं हे त्याला आपणहून ठाऊक नसतं.

रेल्वेची सवलत घ्या. मेल-एक्सप्रेसच्या तिकिटावर ६० वर्षांवरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या स्त्रियांना ५० टक्के सूट होती, ती मार्च २०२० मध्ये थांबवली गेली. पण त्याआधी वर्षानुवर्षं लिहिलेला मजकूर ‘सूट आहे’ असंच सांगतो. त्यावर शिकलेला चॅटबॉट छातीठोकपणे ते आकडे सांगू शकतो. मुंबईच्या मेट्रो ३ चंही तसंच. आरे ते कफ परेड हा सगळा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला. त्याआधीच शिकून झालेला चॅटबॉट तुम्हाला तेव्हाच्या शेवटच्या स्थानकावर, वरळीला आचार्य अत्रे चौकात उतरवून पुढे टॅक्सी करायला सांगू शकेल. अशा बदलत्या गोष्टी गूगलवर शोधून ज्याच्या त्याच्या वेबसाइटवरच वाचाव्यात.

पण शोधण्यातही एक मोठा धोका आहे आणि ज्येष्ठ मंडळी त्यात फार अडकतात. सगळ्यात वर दिसणारी पानं कित्येकदा जाहिराती असतात, त्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं. बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधावा, वरचाच फिरवावा आणि पलीकडच्या गोड बोलणाऱ्या माणसाने एक ॲप डाउनलोड करायला लावून आपला स्क्रीन बघत खातं साफ करावं, असं वारंवार घडतं. नंबर डेबिट कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर बघून घ्या. चॅटबॉटला तर नंबर विचारूच नका. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनवर फोन करा, मुलगा ऑफिसातून येईपर्यंत थांबू नका.

चॅटबॉटची खरी ताकद मला कळली ती पुनर्विकासाच्या कागदांमुळे. बिल्डरचा जाडजूड प्रस्ताव, सगळा वकिली इंग्रजीत. सभेत हो म्हणायचं म्हणजे नक्की कशाला, हे निम्म्या सभासदांना कळत नव्हतं. मी नावं आणि फ्लॅट नंबर झाकून पानांचे फोटो दिले आणि सांगितलं, ‘फक्त या कागदावरून सांग. इमारत बांधून होईपर्यंत बाहेर राहायचं भाडं बिल्डर किती महिन्यांचं देणार, उशीर झाला तर काय, पान क्रमांकासह मराठीत लिही.’ उत्तर आलं: भाडं २४ महिन्यांचं, पुढचं ‘परस्पर संमतीने’. पान उघडून पाहिलं, तसंच होतं. आमची ही लगेच म्हणाली, “अहो, मग ताबा मिळेपर्यंत भाडं असं का नाही लिहिलेलं?” सभेत आम्ही तोच प्रश्न पहिला विचारला. कागद आपल्या हातात असला की चॅटबॉट असा कामाला येतो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य ताडून बघता येतं.

त्याच विषयात ‘किती सभासदांची संमती लागते?’ असं नुसतं विचारलं, तर मात्र २००९ च्या जुन्या शासन निर्णयातली तीन चतुर्थांशाची अट आणि ४ जुलै २०१९ च्या निर्णयातली ५१ टक्क्यांची अट यांची सरमिसळ होऊ शकते. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालचा २०१९ चा निर्णय शोधून डाउनलोड करावा, मग हवं तर चॅटबॉटकडून समजून घ्यावा. आधी शोधणं, मग समजून घेणं, हा क्रम मला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

तपासणीच्या रिपोर्टचंही तेच. क्रिएटिनिन म्हणजे काय, हे चॅटबॉट छान समजावतो. गोळी अर्धी करायची की पूर्ण, हे डॉक्टरांनाच विचारायचं.

आता गोंधळ वाढलाय, कारण दोन्ही एकाच स्क्रीनवर आलेत. २०२४ पासून भारतातही गूगलच्या निकालांवर एआयने रचलेला सारांश दिसतो, तर चॅटबॉट इंटरनेटवर शोधून लिंक देऊ लागलेत. सारांश वाचायला हरकत नाही, पण व्याजदर, शेवटची तारीख किंवा फोन नंबर त्यातून वहीत उतरवण्याआधी खालची लिंक उघडा आणि पान कुणाचं, कधीचं ते बघा. सरकारी कामाचं असेल तर पत्त्यात ‘जीओव्ही डॉट इन’ (gov.in) आहे का, तेवढं तपासा. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या वेळी तर नक्कीच. पेन्शनरांचा आधार आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर काढून घेणारी मंडळी तेव्हाच टपून बसलेली असतात.