घरचे सिम रेसिंग : पहिल्या स्टिअरिंगपासून पुढच्या खरेदीपर्यंत

सप्रेम नमस्कार.

घरी स्टिअरिंग आणि पेडल लावून, संगणकावर किंवा प्लेस्टेशन, एक्सबॉक्स यांसारख्या खेळयंत्रावर (कन्सोलवर) मोटारींच्या शर्यती खेळणे म्हणजे सिम रेसिंग. आमच्या दुकानात प्रथमच येणारे बहुतेक ग्राहक विचारतात, "सगळ्यात चांगले स्टिअरिंग कोणते?" प्रश्न रास्त आहे, परंतु आमच्या अनुभवानुसार त्याचा क्रम बराच नंतरचा आहे. आपण कशावर बसणार, पेडलवर किती जोर देऊ शकणार आणि पडदा डोळ्यांपासून किती अंतरावर ठेवणार, या गोष्टींचा निकाल लागल्याशिवाय महागडे स्टिअरिंग घेतले, तर त्याचा निम्मा गुण टेबलाच्या हादऱ्यातच वाया जातो. म्हणून कोणती वस्तू केव्हा घ्यावी, आणि केव्हा अजिबात घेऊ नये, हे आम्ही या पत्रकात सविस्तर मांडले आहे.

पहिली खरेदी

सुरुवातीला लॉजिटेक जी-२९ किंवा जी-९२३ यांसारखे, आतल्या मोटरचा जोर गिअरमार्फत हातापर्यंत आणणारे, अथवा थ्रस्टमास्टर टी-२४८ सारखे पट्टा आणि गिअर यांच्या संयोगाचे स्टिअरिंग पुरेसे होते. जी-२९ हे मॉडेल २०१५ सालचे आहे, तरीही आज शिकण्यासाठी त्यात काही उणे नाही. गिअरची थोडी खडखड तेवढी ऐकून घ्यावी लागते, आणि रात्री अकरानंतर ती शेजारच्या खोलीतही पोहोचते.

पैसे देण्यापूर्वी एक गोष्ट मात्र अवश्य तपासावी. जी-२९ हे प्लेस्टेशन आणि संगणकासाठी आहे, तर त्याचे भावंड जी-९२० हे एक्सबॉक्स आणि संगणकासाठी आहे. दिसायला दोन्ही सारखी असली तरी एकाचे काम दुसरे करीत नाही. जी-९२३ याच एका नावाखाली दोन वेगवेगळ्या आवृत्त्या मिळतात, त्यामुळे खोक्यावर कोणत्या कन्सोलचे नाव छापले आहे ते स्वतः वाचावे. परदेशातील भाच्याकडून किंवा मुलीकडून स्टिअरिंग मागवणाऱ्यांनी आवृत्तीबरोबरच वीजपुरवठ्याच्या अडॅप्टरवर "१०० ते २४० व्होल्ट" असे लिहिले आहे का, हेही फोटो मागवून पाहावे. तिथली वॉरंटी इथे चालेलच असे गृहीत धरू नये.

बैठक

स्टिअरिंगनंतरचा पहिला खर्च बैठकीवर करावा, असा आमचा आग्रह असतो. ग्राहकांना तो सहसा पटत नाही, कारण लोखंडी सांगाड्यावर किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पैसे घालण्यात गंमत वाटत नाही. अशा ग्राहकांना आम्ही एक साधा प्रयोग करायला सांगतो. घरातील वजनकाटा भिंतीला टेकवून उभा धरावा, चाकांच्या खुर्चीवर बसावे आणि ब्रेक दाबावा तसा काट्यावर पाय दाबावा. काटा दहा किलोवर जाण्याच्या आतच खुर्ची मागे निघते. आपण पेडलवर जितका जोर लावतो तितकाच जोर खुर्चीवर उलट दिशेने येतो, आणि खुर्ची पळणार असेल तर पाय कधीच खात्रीने दाबला जात नाही.

यावर बिनखर्चाचे उपायही आहेत. खुर्चीची चाके जुन्या बुटांत ठेवली की ती फिरत नाहीत. किंवा खुर्चीचा दांडा आणि पेडलचा तळ एका मजबूत पट्ट्याने बांधून टाकावा, म्हणजे दोघे एकमेकांना धरून राहतात. पेडल गुळगुळीत फरशीवर पुढे सरकत असतील, तर त्यांच्यापुढे लाकडी पाट आडवा टाकून तो भिंतीला भिडवावा. आमच्या एका ग्राहकाने जेवणाचा पाट याच कामाला लावला होता आणि घरातून मागणी येईपर्यंत तो उत्तम टिकला. काचेच्या टेबलाला स्टिअरिंगचा क्लॅम्प मात्र कधीही लावू नये.

हे उपाय अपुरे वाटू लागले की रिग, म्हणजे स्टिअरिंग, पेडल आणि आसन एकत्र बसवण्याचा सांगाडा, घ्यावी. घडीचा स्टँड एक बीएचके घरात सोयीचा असतो, परंतु जोरात ब्रेक मारताना तो थोडा डुलतो. जागा कायमची देता येत असेल, तर ४० बाय ८० मिलिमीटर छेदाच्या ॲल्युमिनियम प्रोफाइलची रिग एकदाच घेतलेली परवडते. पुढे स्टिअरिंग बदलले, पेडल बदलली, तरी नवी भोके पाडावी लागत नाहीत, खाचेतील नट सैल करून पट्टी सरकवली की झाले.

पहिले काही महिने : एक गाडी, एक ट्रॅक

नवशिक्याने वेगवान गाडी घेऊ नये. आम्ही बहुतेकांना जपानमधील त्सुकुबा ट्रॅक आणि माझदा रोडस्टर ही जोडी सुचवतो. ग्रान तुरिस्मो ७ या खेळात दोन्ही आहेत. ट्रॅक जेमतेम दोन किलोमीटरचा असल्यामुळे चुकलेले वळण मिनिटाभरात पुन्हा समोर येते. गाडी कमी ताकदीची असल्यामुळे चूक का झाली ते कळायला वेळ मिळतो. आणि जपानी रोडस्टरचे स्टिअरिंग आपल्याकडच्यासारखे उजवीकडे असल्याने आतून पाहताना डोळ्यांना परके वाटत नाही. याच खेळातील नॅशनल बी पासून सुपरपर्यंतच्या लायसन्स परीक्षा पोरखेळ समजून टाळू नयेत.

प्रगती मोजताना सर्वांत वेगवान फेरीकडे पाहण्याचा मोह होतो. ती फेरी कधी कधी योगायोगाचीही असते. त्यापेक्षा सलग दहा फेऱ्या मारून, सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ फेरीतील फरक वहीत लिहावा. सुरुवातीला हा फरक तीन-चार सेकंदांचा असला तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तो एका सेकंदाच्या आत आला की मदतीच्या सोयी एकेक करून बंद कराव्यात : आधी रस्त्यावर काढलेली मार्गरेषा, मग ट्रॅक्शन कंट्रोल (वेग देताना चाके घसरू न देणारी सोय). एकाच दिवशी सगळे बंद केल्यास नेमके काय बिघडले ते उमगत नाही. एबीएस (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी सोय) चालू ठेवायला हरकत नाही. खऱ्या रोडस्टरलाही ते असते, तेव्हा त्यात लबाडी कसली?

हा फरक अर्ध्या सेकंदावर येईपर्यंत आम्ही शक्यतो काही नवे विकत नाही. तोपर्यंतची सुधारणा सरावातून फुकट मिळत असते, आणि ग्राहकाने तिचे पैसे आम्हाला द्यावेत हे आम्हाला बरे वाटत नाही.

ब्रेक

स्टिअरिंगपेक्षा ब्रेकवर अधिक वेळ कमावता येतो, हे नव्या ग्राहकाला सर्वांत उशिरा पटते.

आपण शहरात गाडी चालवताना ब्रेक हलका सुरू करतो आणि लागेल तसा वाढवतो. ट्रॅकवर याच्या उलट करावे लागते : गाडी सरळ असताना पहिल्याच क्षणी जोरात दाबायचे आणि वेग कमी होत जाईल तसा दाब सोडत न्यायचा. वीस वर्षे पुण्याच्या रस्त्यांवर गाडी चालवलेल्या माणसाला ही सवय मोडायला कॉलेजातील मुलापेक्षा जास्त दिवस लागतात.

त्सुकुबाचे शेवटचे लांब उजवे वळण घेऊ. मागच्या सरळ रस्त्यावरून येताना ब्रेक मारला की गाडीचे वजन पुढच्या चाकांवर येते आणि त्यांची पकड वाढते. वळायच्या क्षणी पाय एकदम उचलला तर ते वजन मागे जाते, पुढची चाके हलकी होतात आणि गाडी वळण्याऐवजी बाहेरच्या कडेकडे सरकते. तेच ब्रेक थोडा धरून ठेवला आणि स्टिअरिंग जसजसे वळत जाईल तसतसा पाय सोडत गेला, तर नाक आत राहते. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. हा शेवटचा दाब अगदी थोडा असतो आणि दर फेरीला तेवढाच द्यावा लागतो.

इथेच साध्या पेडलची मर्यादा जाणवते. जी-२९ किंवा जी-९२३ च्या पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर, म्हणजे घासत सरकणारा सेन्सर, असतो. पेडल किती खाली गेले, एवढेच तो मोजतो. टी-२४८ बरोबरच्या पेडलमध्ये चुंबकीय सेन्सर असल्यामुळे घासून झिजण्याचा प्रश्न येत नाही, परंतु मोजमाप तिथेही अंतराचेच असते. पाऊल किती सेंटिमीटर हलले हे पायाला नीट आठवत नाही. किती जोर लावला ते मात्र चांगले आठवते. लोड सेल (दाब मोजणारा सेन्सर) असलेल्या ब्रेकमध्ये अंतराऐवजी हा जोरच मोजला जातो, आणि म्हणून दहा फेऱ्यांत दहा वेळा सारखा ब्रेक मारणे सोपे होते. पूर्ण ब्रेकसाठी तीस-चाळीस किलोंचा दाब ठेवणे त्यात नेहमीचेच असते. वर सांगितलेला वजनकाट्याचा प्रयोग आठवावा : चाकांची खुर्ची तशीच ठेवून लोड सेल घेणाऱ्याला आम्ही परत पाठवलेले आहे.

नवा लोड सेल बसवल्यावर पहिला आठवडा फेरीची वेळ वाढते. दाबाची कमाल मर्यादा सेटिंगमध्ये खाली आणून सुरुवात करावी आणि पिंडरीला सवय होईल तशी वाढवावी.

पडदा

इथे खर्च करण्याआधी टेप घेऊन मोजमाप करावे. २७ इंची मॉनिटर सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असतो. तो डोळ्यांपासून ७० सेंटिमीटरवर असेल, तर आपल्याला खरोखर दिसणारा आडवा कोन सुमारे ४६ अंश येतो. खेळात हा कोन आकड्यात भरता येत असेल तर तोच भरावा, म्हणजे वळणे खऱ्या अंतरावर दिसतात आणि ब्रेक कुठे मारायचा याचा अंदाज पक्का होतो. काही खेळ आडवा कोन मागतात, काही उभा (याच मांडणीत तो सुमारे २७ अंश). दिवाणखान्यातील ४३ इंची टीव्ही तीन मीटरवरून पाहिला तर हा कोन जेमतेम १८ अंश राहतो. तोच एक मीटरवर आणला तर ५१ अंश. तेव्हा मोठा टीव्ही घेण्यापेक्षा आहे तो जवळ ओढावा आणि त्याचा गेम मोड (चित्र उशिरा दिसणे कमी करणारी सेटिंग) चालू करावा.

डायरेक्ट ड्राइव्ह

या प्रकारच्या स्टिअरिंगमध्ये रिम, म्हणजे हातात धरायचे चाक, थेट मोटरच्या दांड्यावर बसते. मध्ये पट्टा किंवा गिअर नसल्यामुळे रस्त्याचा बारीक कंपही हाताला कळतो. जी-२९ चा जोर दोन न्यूटन मीटरच्या थोडा वर आहे, मोझा आर-५ चा साडेपाच, तर फॅनाटेक सीएसएल डीडीचा पाच, आणि मोठा वीजपुरवठा जोडल्यास आठ. साध्या भाषेत, २८ सेंटिमीटर व्यासाच्या रिमच्या कडेला पहिल्यात दीड किलोचा आणि आर-५ मध्ये चार किलोंचा ओढा जाणवतो. आकडा मोठा म्हणजे माणूस वेगवान, असे समीकरण नाही. फोर्स फीडबॅक (मोटरने हाताला दिलेला ओढा) अवाजवी वाढवल्यास मोटर आपल्या कमाल मर्यादेला जाऊन थांबते आणि मध्यम वळण व कठीण वळण हाताला सारखेच लागू लागते. याला क्लिपिंग म्हणतात, आणि ते दिसताच जोर कमी करावा.

लहान मुले हात लावणार असतील तर मर्यादा खालीच ठेवावी. गाडी भिंतीला धडकण्याच्या बेतात असेल तर रिम सोडून द्यावी. आऱ्यांमध्ये अडकलेला अंगठा मुरगळू शकतो.

एच-शिफ्टर (हाताने गिअर बदलण्याचा दांडा), हँडब्रेक आणि हलणारी बैठक यांविषयी थोडक्यात सांगायचे, तर जुन्या गाड्या किंवा रॅली आवडत असल्याशिवाय पहिली दोन लागत नाहीत, आणि तिसरी आम्ही ठेवत नाही. शिफ्टर घेतलाच तर तो डावीकडे बसवून घ्यावा, म्हणजे भारतीय हाताची सवय मोडत नाही.

देखभाल आणि भेट

पोटेन्शिओमीटरच्या पेडलमध्ये धूळ गेली की न दाबताही ब्रेक थरथरतो. अशा वेळी पेडल बदलण्याची घाई न करता ती आमच्याकडे आणावीत. बहुतेकदा साफसफाईने काम भागते. पावसाळ्यात रिग बाहेरच्या भिंतीपासून थोडी दूर ठेवावी. खेळताना स्टिअरिंग मध्येच "गायब" होत असेल, तर यूएसबी हब काढून ते थेट यंत्राला जोडून पाहावे आणि घरातील अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

दुकानात येताना कन्सोलचे किंवा संगणकाचे नाव, टेबलाची उंची व फळीची जाडी, खोलीचा एक फोटो आणि दहा फेऱ्यांच्या वेळांची वही सोबत आणावी. शक्य असल्यास ज्या बुटांत किंवा मोज्यांत आपण घरी खेळता, तेच घालून यावे. आमच्याकडील लोड सेलच्या पेडलवर अर्धा तास बसून पाहण्याचे पैसे लागत नाहीत.