ॲस्बेस्टॉस जागृती प्रशिक्षण

इमारतींच्या दुरुस्ती-देखभालीत राबणाऱ्या कामगारांना ॲस्बेस्टॉस असलेले साहित्य ओळखता यावे, त्याच्या धुळीमुळे होणारे आजार माहीत असावेत आणि असे साहित्य समोर आल्यावर ते न फोडता काम कसे थांबवावे हे कळावे, यासाठी दिले जाणारे प्राथमिक प्रशिक्षण. गवंडी, बिगारी, प्लंबर, वायरमन, सुतार, रंगारी, फॅब्रिकेटर, लिफ्टचे व पंपाचे मेकॅनिक, पाडकाम करणारे मजूर आणि त्या सर्वांचे मुकादम यांच्यासाठी ते असते. काही तासांत ते पूर्ण होते, पण त्याची मर्यादा पहिल्याच तासात स्पष्ट करावी लागते : हे प्रशिक्षण घेतलेला कामगार ॲस्बेस्टॉस काढण्यास पात्र ठरत नाही. ब्रिटनमध्ये २०१२च्या नियमांनुसार प्रशिक्षणाच्या तीन पायऱ्या मानतात : जागृती, परवाना न लागणारी कामे आणि परवान्याची कामे. मुंबईत पहिलीच पायरी फार थोड्यांपर्यंत पोहोचली आहे, म्हणून या नोंदीचा भर तिच्यावरच आहे.

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय सिलिकेट खनिजांच्या गटाचे नाव आहे. त्यात सहा खनिजे येतात. पांढरे ॲस्बेस्टॉस (क्रायसोटाइल) सर्वांत जास्त वापरले गेले. निळे (क्रोसिडोलाइट) आणि तपकिरी (अमोसाइट) हे इतर दोन व्यापारी प्रकार. न जळणे, न गंजणे, ताण सोसणे आणि स्वस्त असणे हे त्याचे गुण. साहित्य कापले, घासले किंवा फोडले की त्यातून डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात, हवेत तासन्‌तास तरंगतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यातून फुप्फुस निबर होत जाणारा ॲस्बेस्टोसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस माणसाला कर्करोग देणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या कामगाराच्या बाबतीत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

शिकवणाऱ्याची खरी अडचण या आजारांच्या वेळापत्रकात आहे. धूळ छातीत गेल्या दिवशी खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, अंगावर काही उठत नाही. आजार दिसतो तो दहा, वीस, कधी चाळीस वर्षांनी. तोवर ठेकेदार बदललेला असतो, इमारत पाडलेली असते आणि कामगार गावी परतलेला असतो. धाप आणि खोकला पाहून क्षयाचे उपचार सुरू होण्याचीही शक्यता असते. म्हणून ‘आधी काय काम केले’ हे डॉक्टरांनी न विचारताही त्यांना सांगावे, हा प्रशिक्षणातला छोटा पण मोलाचा धडा आहे.

मुंबईत हे साहित्य कुठे भेटते : सर्वांत ठळक म्हणजे सिमेंटचा नालीदार पत्रा. बैठ्या चाळी, झोपडपट्ट्यांतील घरे, गोदामे, औद्योगिक गाळे, सोसायटीच्या गच्चीवरील शेड, खिडक्यांवरील पावसाळी छज्जे अशा ठिकाणी तो दशकानुदशके बसवला गेला. अशा पत्र्यात साधारण दहा टक्के ॲस्बेस्टॉस असते, बाकी बहुतेक सिमेंट. मुलुंडला त्याचा जुना कारखाना होता आणि घाटकोपरलाही ॲस्बेस्टॉसची उत्पादने होत, त्यामुळे शहराचा या मालाशी संबंध केवळ गिऱ्हाइकाचा नाही. मुंबईतील अशाच एका गिरणीच्या कामगारांची तपासणी झाली, तिचा अभ्यास २००५मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या सुमारे दर पाच जणांपैकी एकाला ॲस्बेस्टोसिस आढळला. ते कारखान्यातले लोक होते. ॲस्बेस्टॉसचा पत्रा छतावर चढून कापणाऱ्यांची तपासणी कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

पत्र्याखेरीज जुन्या इमारतींच्या मागच्या भिंतीवरून उतरणारे एसी म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप असतात, पावसाच्या पाण्याचे आणि संडासाचेही. पंपघरात गळती रोखणारी ग्लँड दोरी आणि गॅस्केट, जुन्या मीटररूममध्ये किटकॅट फ्यूजमधली (चिनी मातीच्या जुन्या फ्यूजमधली) पांढरी पट्टी, लिफ्टच्या ब्रेकचे लायनर, पार्टिशनचे आणि छताचे जुने बोर्ड यांतही ते असू शकते. बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवर ॲस्बेस्टॉसचे वेष्टन चढवण्याची रीत जगभर होती, तेव्हा गिरणगावातील जुन्या वास्तूंचे पाडकाम वेष्टनाची तपासणी केल्याशिवाय करणे धोक्याचे. मुंबई बंदरालगतच्या दारूखाना भागात तोडलेल्या जहाजांतूनही असे साहित्य बाहेर पडले आहे. नळीवरचे भुसभुशीत वेष्टन पत्र्याहून कितीतरी घातक, कारण त्यातले तंतू सिमेंटने बांधलेले नसतात. नुसत्या बोटाने दाबले तरी सुटतात.

नुसते पाहून मात्र कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. आजकाल ॲस्बेस्टॉस नसलेले फायबर सिमेंटचे पत्रेही तसेच दिसतात. खात्री प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाखालीच होते. म्हणून प्रशिक्षणातला नियम साधा असतो : जुना माल, कागद नाही, शंका आहे, तर ॲस्बेस्टॉस आहे असेच धरून चालायचे.

प्रशिक्षणाचा आशय : आजारांची चित्रे दाखवून घाबरवण्यापेक्षा कामगार रोज करतो ती कामे समोर ठेवून शिकवणे अधिक उपयोगी पडते. मुंबईत त्यासाठी पावसाळ्याआधीची पत्रे बदलण्याची धांदल घ्यावी. मेअखेर एकच घाई असते. पत्रा धरून ठेवणारे गंजलेले जे-हुक (आकड्यासारखे बोल्ट) ग्राइंडरने उडवतात, नवे भोक ड्रिलने पाडतात, पत्रा लांब झाला तर कटरने कापतात, शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडतात, काढलेला पत्रा वरूनच खाली टाकतात आणि शेवटी खराट्याने कोरडे झाडतात. यातली प्रत्येक कृती तंतू हवेत उडवते. गच्चीवर उघडी हवा आहे म्हणून धोका नाही, हा समज इथेच खोडून काढावा लागतो, कारण धूळ उडते ती कापणाऱ्याच्याच नाकासमोर.

खबरदारी घेऊन केलेल्या कामात पत्रा आधी साबण मिसळलेल्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने भिजवतात, हुक हाताच्या पान्याने किंवा बोल्टकटरने सोडवतात, पत्रा अखंड ठेवून दोराने उतरवतात, तुकडे ओले असतानाच जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधतात आणि जागा ओल्या फडक्याने पुसतात. जोराच्या पाण्याचा मारा किंवा हवेचा फवारा मात्र वर्ज्य. नाकातोंडावर बांधलेला रुमाल आणि साधा सर्जिकल मास्क इथे कुचकामी आहेत. अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या पी-१०० किंवा तत्सम फिल्टरचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो आणि दाढी वाढलेली असेल तर तोही नीट बसत नाही. जागृतीच्या पायरीवर हे सारे सांगतात ते कामगाराने स्वतः करावे म्हणून नव्हे, तर चुकीचे चाललेले त्याला ओळखता यावे म्हणून.

याच तासात पत्र्यावरून पडण्याचाही विषय घ्यायला हवा, मग तो अभ्यासक्रमात असो वा नसो. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलत नाही आणि फुटण्याआधी इशारा देत नाही. फळ्या टाकल्याशिवाय आणि दोर बांधल्याशिवाय त्यावर पाय ठेवू नये.

कपड्यांचा धडा ऐकताना वर्गातली चुळबूळ थांबते. कामाचे कपडे घरी नेले तर तंतू घरी जातात. कामगारांचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे कपडे, चूल आणि मुले एकत्रच असतात, तिथे हा धडा सर्वांत आधी यायला हवा.

कायदा : भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी नाही, माल मुख्यतः आयात होतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८६च्या १६२व्या करारानुसार धोक्यात येणाऱ्या प्रत्येक कामगाराला माहिती आणि सातत्याने प्रशिक्षण देणे मालकाचे कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्यनोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपण्याचा आदेश दिला. ॲस्बेस्टोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला व्यवसायजन्य आजार आहे. राज्यात कारखान्यांची देखरेख औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते आणि शीवला केंद्रीय कामगार संस्था आहे, जिथे औद्योगिक आरोग्याचे प्रशिक्षण चालते.

ही यंत्रणा कारखान्याच्या फाटकाशी थांबते. सोसायटीने बोलावलेला पत्रेवाला सकाळी नाक्यावरून दोन बिगारी उचलतो, संध्याकाळी रोख पैसे देतो. कुठल्याच नोंदवहीत त्यांचे नाव येत नाही. ब्रिटनमध्ये घरे सोडून इतर इमारतींच्या जबाबदार व्यक्तीला ॲस्बेस्टॉस कुठे आहे याची नोंद ठेवून काम करणाऱ्याला ती दाखवावी लागते. मुंबईच्या सोसायट्यांत अशी रीत नाही. त्यामुळे ‘थांब आणि विचार’ हे शिकवलेल्या कामगाराने विचारायचे कोणाला? सेक्रेटरीला आणि देखभालीचे कंत्राट देणाऱ्या समितीला त्याच बाकावर बसवल्याशिवाय हे प्रशिक्षण अर्धेच राहते. काम थांबवल्याबद्दल दिवसाची मजुरी बुडणार नाही, एवढी हमी तरी निविदेत लिहिली पाहिजे.

उतरवलेल्या मालाचे पुढे काय होते, हाही प्रशिक्षणाचा भाग आहे. मुंबई परिसरातील घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारे केंद्र तळोज्याला आहे. प्रत्यक्षात फुटलेले तुकडे डेब्रिजच्या गोणीत जातात आणि भराव म्हणून टाकले जातात. अखंड पत्रे भंगारवाल्याकडून पुन्हा विकले जातात आणि दुसऱ्या कुणाच्या छतावर नवी भोके पाडून बसतात. म्हणून भंगारवाले आणि टेम्पोचालक यांनाही या वर्गात बोलवावे लागते.