डार्क मिनिमल रीमिक्स

नावाजलेल्या बँडचं गाणं घ्यायचं, त्यातलं बहुतेक सगळं काढून टाकायचं आणि उरलेल्या एक-दोन तुकड्यांवर अंधारा, हळूहळू चढत जाणारा डान्स ट्रॅक उभा करायचा, असा हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार. वेग साधारण मिनिटाला १२० ते १२८ ठोके. कडवं-धृपद अशी रचना राहत नाही.

हे सुरू कुठून झालं यावर बरेच वाद आहेत. एक मत अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं. तिथे रॉबर्ट हूडचा 'मिनिमल नेशन' हा अल्बम १९९४ च्या सुमारास आला, आणि नदीच्या पलीकडच्या काठावर कॅनडातल्या विंडसरचा रिची हॉटिन 'प्लास्टिकमन' नावाने १९९३ पासून ड्रम मशीन आणि बेस सिंथेसायझर एवढ्या मोजक्या सामानावर ट्रॅक करत होता, म्हणून मिनिमल टेक्नोचा (मोजक्या आवाजांवर चालणाऱ्या यंत्र-तालाच्या डान्स संगीताचा) मान त्यांना देतात. दुसरं मत जर्मनीचं, म्हणजे बर्लिनची बेसिक चॅनल ही जोडी (मार्क अर्नेस्टस आणि मॉरिट्झ फॉन ओस्वाल्ड, १९९३ पासून) आणि नंतर पर्लॉन, कोम्पाक्ट ही लेबलं (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या). पण हे दोन्ही मिनिमल टेक्नोचे उगम झाले, रीमिक्सचा नाही. गाण्यातून गायकच उडवायचा आणि मध्येच एखादा शब्द इको लावून परत सोडायचा, ही युक्ती जमैकातल्या किंग्स्टनच्या 'डब' संगीताची. १९६८ च्या आसपास एका रेकॉर्डवर गायकाचा आवाज घालायचाच चुकून राहिला आणि नाचणाऱ्यांना तेच आवडलं अशी गोष्ट सांगतात, ती अगदी तशीच घडली असेल असं नाही, पण पुढे सत्तरच्या दशकात किंग टबीने (मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस) मिक्सिंग डेस्कवर बसून हेच काम मन लावून केलं, याबद्दल कुणाचं दुमत नाही. बेसिक चॅनलवाले स्वतः डबचे भक्त, त्यामुळे किंग्स्टन ते बर्लिन हा धागा जास्त पटतो.

नेहमी दिलं जाणारं उदाहरण डेपेश मोडचं. इंग्लंडमधल्या बॅसिल्डनचा १९८० चा हा बँड, मुळातच सिंथेसायझरवाला, त्यामुळे सोलून काढायला सोपा. २००५ च्या त्यांच्या अल्बममधल्या 'द सिनर इन मी'चा रिकार्डो व्हिलालोबोस या चिली-जर्मन डीजेने केलेला रीमिक्स दहा मिनिटांपेक्षा लांब आहे, मूळ गाणं त्याच्या निम्म्याहून कमी. त्यात बँडचा गायक डेव्ह गॅहनचा आवाज येतो तो तुटक, आणि खालची तालवाद्यं सतत किंचित सरकत राहतात. सलग ऐकलं तरच मजा, फॉरवर्ड करत गेलं तर काहीच घडत नाही असं वाटतं.

करायची रीत अशी: बँडच्या लेबलने दिलेल्या, गाणं आणि वाद्यं सुटी ठेवलेल्या रेकॉर्डिंगमधून गायकाचा आवाज वेगळा घ्यायचा, एक ओळ निवडायची, कधी अर्धाच शब्द. प्रत्येक ठोक्याला किक (मोठ्या ड्रमचा जड आवाज), बेस एक-दोन सुरांवरच. मग फिल्टरने आवाजातला वरचा, धारदार भाग दाबून ठेवायचा आणि आठ-सोळा बारनंतर (एक बार म्हणजे चार ठोके) थोडा थोडा उघडायचा, म्हणजे तोच आवाज जवळ येतोय असं वाटतं. परवानगी न घेता केलेल्याला बूटलेग म्हणतात.

सोलापुरात रीमिक्स म्हटलं की मिरवणुकीचा डीजे आठवतो, आणि तिथला कारभार बरोब्बर उलटा: गाण्यावर अजून ढोल, अजून हलगी, अजून सायरन, बेस छातीत बसेपर्यंत. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करायचा नियम २००० सालापासून आहे, त्यामुळे हातात वेळ कमी आणि दहा मिनिटं वाट बघायला लावणारा ट्रॅक तिथे कोण लावणार! हा प्रकार इथे हेडफोनवरच ऐकायचा. तरी पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्याला तो पटकन कळायला हरकत नाही, माग बिघडला की तिथला माणूस नुसत्या आवाजातल्या बारीक फरकावरून ओळखतो.