तोंड एकच, पोट वेगळं: लायटरचं सॉकेट आणि पॉवर आउटलेट

जुन्या गाडीत गिअरच्या पुढे एक गोल भोक असतं. आपल्या लेखी ती चार्जर लावायची जागा. ती बंद पडली की आपण दुकानात जाऊन "ते सॉकेट द्या" म्हणतो आणि दुकानदार हाताला लागेल ते काढून देतो. पण या एका तोंडाच्या वस्तू दोन आहेत. एक सिगारेट लायटरचं सॉकेट, दुसरं नुसतं पॉवर आउटलेट.

दोन्हींचा आतला व्यास साधारण २१ मिलिमीटर. दोन्हींत १२ व्होल्ट, तळाशी मध्यभागी पॉझिटिव्ह, कडेच्या नळीला अर्थ, म्हणजे निगेटिव्ह. चार्जर दोन्हींत चालतो, म्हणून तर गोंधळ होतो. ओळखायचं असेल तर मोबाइलचा टॉर्च आत मारा. लायटरच्या सॉकेटमध्ये तळाशी पत्र्याच्या वाकड्या पट्ट्या दिसतील. आउटलेटचा तळ मोकळा असतो, मध्ये फक्त एक बटणासारखं टोक, आणि तोंडावर बहुधा प्लास्टिकचं झाकण.

त्या पट्ट्यांतच सगळी करामत आहे. दोन वेगवेगळे धातू एकावर एक जोडून त्या बनवतात. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते. लायटर आत दाबला की त्याच्या कॉइलची, म्हणजे तापणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची, वाटी या पट्ट्यांच्या चिमट्यात अडकते आणि वीज वाहू लागते. कॉइल लाल झाली की चिमटा उघडतो आणि स्प्रिंग लायटरला टक् करून बाहेर ढकलते. टायमर नाही, सर्किट नाही. नुसत्या उष्णतेवर चालणारं हे यंत्र मला आजही भारी वाटतं.

मात्र हा चिमटा पॉझिटिव्हला जोडलेला असतो आणि त्याच्याभोवती अर्थची नळी. जाडजूड चार्जर तिरका खुपसत राहिलं की पट्टी वाकून नळीला टेकते आणि फ्यूज उडतो. आमच्या जुन्या गाडीत हेच झालं होतं. मी तीन फ्यूज घालवले, मग आत डोकावलो.

तेव्हा सॉकेट बदलण्याआधी फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत रेडिओ त्याच फ्यूजवर असतो, त्यामुळे दोन्ही एकदम गेले तर सॉकेट बिचारं निर्दोषही असू शकतं. निळा फ्यूज १५ अँपिअरचा, पिवळा २० चा. निळा उडतोय म्हणून पिवळा टाकणं हा शहाणपणा नव्हे. जाड फ्यूज टिकतो आणि त्याच्याऐवजी वायर तापते. १५ अँपिअर म्हणजे १२ व्होल्टवर १८० वॉट. मोबाइलला त्याचा छोटा तुकडाही पुरतो, टायरमध्ये हवा भरायच्या पंपाला मात्र बरंच लागतं.

बदलायचंच ठरलं तर माझं मत सरळ आहे: आउटलेट बसवा. चार्जर त्यात घट्ट बसतो, वाकायला चिमटाच नाही. फक्त डॅशबोर्डच्या भोकाचं माप घेऊन जा, कारण आतला व्यास सारखा असला तरी बाहेरचा साचा प्रत्येक गाडीत वेगळा.

काम करताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. बॅटरी पुन्हा जोडल्यावर स्टिरिओला कोड लागत असेल तर तो आधीच शोधून ठेवा. वायरी सोडण्यापूर्वी फोटो काढा, पण त्यावर विसंबू नका. लायटरच्या कॉइलला उलट-सुलट काही कळत नाही, त्यामुळे पूर्वी कुणी वायरी उलट्या जोडल्या असतील तर वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. चार्जरला मात्र लगेच कळतं. जोडणी झाली की मल्टिमीटरने मध्यावर पॉझिटिव्ह असल्याची खात्री करून मगच चार्जर लावा. तिसरी बारीक वायर दिसली तर ती बहुधा कडेच्या दिव्याची, तिला टेप गुंडाळून ठेवा.

ट्रकमध्येही हेच तोंड दिसतं, पण तिथे बहुधा २४ व्होल्ट असतात. तिथे नुसता १२ व्होल्टचा चार्जर लावू नका.

आणि लायटरची जुनी मूठ गाडीत ठेवू नका. हे भोक बघून कुणीतरी ती आत दाबणारच, आणि आउटलेटमध्ये तिला वेळेवर बाहेर फेकणारा चिमटा नसतो. कॉइल मधल्या टोकाला टेकून तापत राहिली तर वितळेल ते प्लास्टिक.