गव्याचे पांढरे मोजे: वन्यजीवांच्या गमतीदार फोटोंची पार्श्वभूमी

उसाला तोड लागली की कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गवा उगवतो. कुणीतरी बांधावरून काढलेला, हललेला फोटो आणि खाली ओळ: ‘पाव्हणं आल्यात, गुऱ्हाळाचा पत्ता इचारत्यात.’ २०२१ च्या डिसेंबरात गवे शहराच्या वेशीपर्यंत आले, तेव्हा तर अशा ओळींचा पाऊस पडला. त्याच्या वर्षभर आधी पुण्यात कोथरूडमध्ये शिरलेला गवा गर्दी आणि पाठलागानं बेजार होऊन मेला होता, त्याच्यावरही विनोद झालेच. म्हणजे हसणं आपल्याला नवं नाही. प्राण्याला हसून प्राण्याचंच भलं करायचं, ही कल्पना मात्र बरीच अलीकडची.

कॅमेरा आणि जंगली जनावर यांची पहिली ओळख शिकारीत झाली. आपल्याकडं तर ती घरातलीच गोष्ट. संस्थानकाळात कोल्हापूरचे चित्ते प्रसिद्ध होते. डोळ्यांवर टोपी बांधलेला चित्ता गाडीवर बसवून माळावर न्यायचा, काळवीट दिसलं की टोपी काढायची. भारतातले चित्ते कमी पडू लागले तेव्हा आफ्रिकेतून आणले गेले. १९५२ मध्ये देशातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं, आणि मागं उरले ते त्या शिकारींचे फोटो. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ बघताना लहान पोरं आधी दचकतात, मग दात मोजतात. त्या काळच्या फोटोत जनावर हे माणसाच्या पराक्रमाचा पुरावा होतं. हसण्याचा विषयच नव्हता.

हसू आलं ते पाळीव जनावरांपासून. १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या ब्रायटनला हॅरी पॉइंटर नावाचा छायाचित्रकार मांजरांना चहाच्या किटलीशेजारी बसवून फोटो काढी आणि त्याची कार्डं विके. पुढं अमेरिकेत हॅरी व्हिटियर फ्रीसनं मांजरांना झगे घातले. आपल्या गल्लीत त्याच जातीची करमणूक डमरू वाजवत यायची. माकड टोपी घालून सासरी निघायचं, दरवेश्याचं अस्वल सलाम ठोकायचं आणि आम्ही पोरं खिदळायचो. वेसणीच्या भोकाकडं लक्ष गेलं ते फार उशिरा. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या खेळांवर केंद्र सरकारनं घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये कायम केली, तेव्हा कुठं ती टोपी उतरली.

संवर्धनाची चळवळ उभी राहिली तीही आधी रडूनच. कापलेले हस्तिदंत, तेलानं माखलेले पक्षी, रोडावलेलं पांढरं अस्वल. २०१७ मध्ये उपासमारीनं खंगलेल्या एका ध्रुवीय अस्वलाची चित्रफीत जगभर फिरली. त्याच्या अवस्थेचं खापर थेट हवामानबदलावर फोडण्यात आपण घाई केली, हे पुढच्या वर्षी ‘नॅशनल जिऑग्राफिक’नं स्वतःच कबूल केलं. शिवाय सतत दुःख दाखवलं की माणूस अंगठा सरकवून पुढं जातो. मीही जातो.

या कंटाळ्यातून दुसरी वाट निघाली. ब्रिटनमधल्या सायमन वॉट या जीवशास्त्रज्ञानं पांडा-वाघांच्या पलीकडच्या कुरूप प्राण्यांसाठी विनोदी कार्यक्रम सुरू केले. २०१३ मध्ये लोकांनी मतं देऊन ब्लॉबफिश या लिबलिबीत माशाला या कार्यक्रमांचा मानचिन्ह-प्राणी केलं. मग २०१५ मध्ये टांझानियात राहणारे छायाचित्रकार पॉल जॉइन्सन-हिक्स आणि त्यांचे सहकारी टॉम सुलम यांनी ‘कॉमेडी वाइल्डलाइफ’ ही स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी जिंकला तोंडात गवत कोंबून निघालेला हॅमस्टर, म्हणजे उंदराच्या जातकुळीतला एक प्राणी. त्यानंतर फांदीवरून घसरणारं घुबडाचं पिल्लू आलं आणि २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातलं समुद्री कासव, ज्याचा वल्ह्यासारखा पुढचा पाय नको ते बोट दाखवल्यासारखा वर आला होता. ही स्पर्धा आधी बॉर्न फ्री या वन्यजीव संस्थेसोबत होती, आता व्हिटली फंड फॉर नेचरसोबत आहे. आसामात हरगिला करकोच्यासाठी काम करणाऱ्या पूर्णिमा देवी बर्मन यांना याच फंडाचा पुरस्कार मिळाला आहे. टकलू, लोंबत्या गळ्याचा हा पक्षी कोणत्याही सौंदर्यस्पर्धेत पहिल्या फेरीतच बाद होईल.

पण गमतीचा फोटो उलटूही शकतो. २००९ मध्ये गुदगुल्या होत असताना हात वर करणाऱ्या स्लो लोरिस या माकडांच्या दूरच्या नात्यातल्या, मोठ्या डोळ्यांच्या छोट्या प्राण्याची चित्रफीत गाजली. ‘किती गोड, मलाही हवा’ अशा प्रतिक्रियांचा ढीग पडला. त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला ग्रंथी असते. हात वर करून तो तिथला स्राव चाटतो, लाळेत मिसळतो, आणि मग त्याचा चावा विषारी होतो. म्हणजे ज्याला आपण लाडीगोडी समजलो ती त्याची बचावाची तयारी होती. पाळण्यासाठी विकताना त्याचे दात तोडतात, ते वेगळंच. चिंपांझींवरच्या २०११ च्या एका अभ्यासात दिसलं की शेजारी माणूस उभा असलेला फोटो पाहणाऱ्यांना जंगलातले चिंपांझी सुखरूप आहेत असं जास्त वाटतं आणि पाळावेसेही वाटतात. फ्रेममध्ये माणूस आला की जंगल बाहेर जातं.

आता आमचा गवा. दाजीपूर ही कोल्हापूरच्या छत्रपतींची राखीव शिकारीची जागा. १९५८ मध्ये ती गव्यांसाठी अभयारण्य झाली आणि १९८५ मध्ये वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य बनलं. तिथं सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, एका मित्रानं काढलेला फोटो माझ्या फोनमध्ये आहे. खांदे तालमीतल्या पैलवानाचे, गुडघ्याखाली मात्र शाळेच्या पोराचे पांढरेशुभ्र मोजे, आणि अख्खी जीभ वळवून एका नाकपुडीत घातलेली. आत्याला दाखवला. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग चष्मा पुसत म्हणाली, “आरं, आपल्या उसात येतंय ते हेच व्हय? मग रानात ह्याला खायला न्हाई का काय?”

मग तासभर बोलणं चाललं: सड्यावरचं गवत, उन्हाळ्यात आटणारे पाणवठे, जंगलाला खेटून आलेला ऊस, भरपाईचे अर्ज. नुसता आकडा सांगून हा तास मला मिळाला नसता.

तो मित्र गेली काही वर्षं एक पथ्य पाळतो. फोटो कितीही झकास आला असला, तरी गव्याचे दोन्ही कान कॅमेऱ्याकडं वळलेले दिसले तर तो ग्रुपवर टाकत नाही. “तवा त्यो नाक साफ करत नव्हता,” तो म्हणतो, “आमच्याकडं बघत हुता.”