एमए की एमएससी? परदेशातील अर्थशास्त्राची दोन नावे

नौपाड्यात आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी एक मुलगी मार्च महिन्यातल्या एका संध्याकाळी दोन प्रवेशपत्रे घेऊन माझ्याकडे आली. एक पत्र कॅनडातील विद्यापीठाचे होते व त्यावर ‘मास्टर ऑफ आर्ट्स, इकॉनॉमिक्स’ असे छापले होते. दुसरे इंग्लंडमधील होते आणि त्यावर ‘मास्टर ऑफ सायन्स, इकॉनॉमिक्स’ असे होते. तिला फी आणि राहण्याचा खर्च यांविषयी बोलायचे होते, पण सोबत आलेल्या तिच्या आईने मधेच विचारले, "काकू, एमएससी म्हणजे सायन्सवाल्यांची ना? हिने तर बारावीला कॉमर्स घेतलं होतं. मग हिला कसं काय घेतलं? आणि मोठी पदवी कुठली, ही की ती?"

महाविद्यालयात बरीच वर्षे अर्थशास्त्र शिकवल्यामुळे असे कागद वाचण्याचे काम माझ्याकडे अधूनमधून येते, आणि हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतेच. तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की मुलाची शाखा ठरते, आणि ती शाखा पुढे पदवीच्या नावात उतरते: कला शाखेचा बीए, वाणिज्य शाखेचा बीकॉम, विज्ञान शाखेचा बीएससी. त्यामुळे पदवीचे नाव म्हणजे विद्यार्थ्याने काय शिकले याची पावती, असे आपण धरून चालतो. परदेशात हे नाव बहुतेक वेळा विद्यार्थ्याविषयी काही सांगत नाही. विद्यापीठात अर्थशास्त्र विभाग कोणत्या विद्याशाखेखाली आला, एवढेच ते सांगते आणि तेही अनेकदा शंभर वर्षांपूर्वीचे.

केंब्रिजचे उदाहरण घ्या. तेथे अर्थशास्त्राचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम १९०३ मध्ये आल्फ्रेड मार्शल यांच्या पुढाकाराने सुरू झाला. मार्शल मूळचे गणिताचे विद्यार्थी आणि १८६५ च्या गणिताच्या परीक्षेत विद्यापीठात दुसरे आलेले. तरीही त्या अभ्यासक्रमाची पदवी आजही बीएच आहे. कारण साधे आहे: केंब्रिजमध्ये पदार्थविज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्यालाही पहिली पदवी बीएचीच मिळते. याउलट लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स १९०० मध्ये लंडन विद्यापीठाचा भाग झाले तेव्हा तेथे अर्थशास्त्राची वेगळी विद्याशाखा झाली आणि तिच्या पदव्यांना ‘सायन्स’ हे नाव देण्यात आले. तेव्हापासून तेथील अर्थशास्त्राची पहिली पदवी बीएससी आणि पुढची एमएससी. या दोन पदव्यांतील विज्ञान हे प्रयोगशाळेतले नव्हे. अर्थव्यवहाराचा शास्त्रीय अभ्यास, इतकाच तेथे त्या शब्दाचा अर्थ आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्यांची यादी मी नेहमी पुढे करते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९१२ मध्ये बीए झाल्यावर ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ मध्ये एमए झाले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९२१ मध्ये एमएससी आणि १९२३ मध्ये डीएससी या पदव्या त्यांनी मिळवल्या, तर कोलंबियाची पीएचडी त्यांना १९२७ मध्ये रीतसर प्रदान झाली. आता विषय पाहा. कोलंबियाच्या पीएचडीचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर होता आणि लंडनच्या एमएससीचा प्रबंधही साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेच्या प्रांतिक विकेंद्रीकरणावर होता. डीएससी म्हणजे डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी तर रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला मिळाली. अटलांटिकच्या एका किनाऱ्यावर जो विषय कला शाखेत मोडत होता, तोच दुसऱ्या किनाऱ्यावर विज्ञान ठरला. अभ्यासक तोच, आणि समोर मांडलेली हिंदुस्थान सरकारची हिशेबाची कागदपत्रेही बहुधा तीच.

एमए या दोन अक्षरांनी खरोखर फसगत होते ती स्कॉटलंडमध्ये. एडिंबरा, ग्लासगो, सेंट अँड्र्यूज या जुन्या विद्यापीठांत ‘एमए ऑनर्स’ ही बारावीनंतरची चार वर्षांची पहिली पदवी आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने बीए. तेथे पदव्युत्तर शिक्षणासाठी जायचे असेल तर एमएससीकडे पाहावे लागते. त्यामुळे मुंबई विद्यापीठातून बीए झालेल्या मुलाने संकेतस्थळावर ‘एमए इकॉनॉमिक्स’ पाहून अर्ज भरायला घेतला, तर तो पुन्हा पहिल्या वर्षात बसण्याचा अर्ज असतो. सेंट अँड्र्यूजमध्ये अर्थशास्त्राची पहिली पदवी एमए आणि बीएससी अशा दोन्ही नावांनी मिळते. विद्यार्थी कला शाखेतून आत आला की विज्ञान शाखेतून, यावर ते नाव ठरते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधील एमए तर आणखी वेगळी, कारण तेथील बीए झालेल्यांना काही वर्षे लोटल्यावर ती परीक्षा न देता मिळते. एखाद्या जुन्या प्राध्यापकाच्या नावापुढे ‘एमए, केंब्रिज’ असे दिसले, तर त्यावरून त्यांनी पदव्युत्तर अभ्यास केला होता असा निष्कर्ष काढता येत नाही.

अटलांटिकच्या पलीकडे पाटी पुन्हा उलटते. कॅनडात टोरंटो, ब्रिटिश कोलंबिया, क्वीन्स अशा नावाजलेल्या विद्यापीठांत अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी एमए या नावानेच दिली जाते, आणि तिच्यातील गणित इंग्लंडमधील चांगल्या एमएससीपेक्षा कमी नसते. अमेरिकेत न्यूयॉर्क विद्यापीठासारख्या ठिकाणी एमए, तर विस्कॉन्सिनसारख्या ठिकाणी एमएस. युरोपात, उदाहरणार्थ जर्मनीत बॉन येथे, दोन वर्षांची एमएससी असते. आणि लांब कशाला जायचे? आपल्याकडेही दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स एमए देते, तर रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये गोरेगावात स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आणि पुण्याची गोखले संस्था एमएससी देतात. दिल्लीची एमए सोपी म्हणून निवडली, असे म्हणणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही.

नावावरून फरक कळत नसेल, तर मग तो कशात असतो? तो असतो वर्गात फळ्यावर काय लिहिले जाते यात. त्या दिवशी मी मुलीच्या आईला एक उदाहरण कागदावर करून दाखवले. समजा, एखाद्या विद्यार्थ्याकडे महिन्याला खाऊसाठी ६०० रुपये आहेत. वडापाव २० रुपयांचा आणि चहा १० रुपयांचा. त्याचे समाधान वडापाव आणि चहा यांच्या संख्यांच्या गुणाकाराने मोजायचे ठरवले, तर त्याने किती वडापाव खावेत आणि किती चहा प्यावेत? आपल्या बीएच्या वर्गात याचे उत्तर आकृतीने देतात: एक तिरकी अंदाजपत्रक रेषा, तिला एका बिंदूत स्पर्श करणारा समवृत्ती वक्र (सारखेच समाधान देणाऱ्या जोड्यांची रेषा), आणि त्या बिंदूला ‘उपभोक्त्याचा समतोल’ असे नाव. उत्तर येते १५ वडापाव आणि ३० चहा. दोन्हींवर निम्मे निम्मे म्हणजे ३०० रुपये. त्याच्या पुढच्या पायरीवर आकृती बाजूला राहते आणि कलनशास्त्र येते. लाग्रांजची, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत कमाल मूल्य काढण्याची, पद्धत लावून तेच १५ आणि ३० मिळवायचे, आणि किंमत किंवा उत्पन्न बदलल्यास मागणी कशी हलेल याचे सर्वसाधारण सूत्र मांडायचे. ज्याला खरोखर गणिती अभ्यासक्रम म्हणावे, तेथे वडापावही जातो आणि ६०० रुपयेही जातात. तेथे प्रश्न असा येतो की, पसंतीक्रमाविषयी किमान कोणती गृहीतके केली म्हणजे असा समतोल बिंदू असतोच आणि तो एकच असतो, हे सिद्ध करा. ही तिसरी पायरी एमए नावाच्या अभ्यासक्रमात असू शकते आणि एमएससी नावाच्या अभ्यासक्रमात नसूही शकते. अर्थमितीचे, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याच्या शास्त्राचेही तसेच: कोठे संगणकावर आकडेमोड करून निष्कर्ष वाचायला शिकवतात, तर कोठे लघुतम वर्ग पद्धत सारणी-गणिताने सिद्ध करून घेतात.

म्हणूनच बारावीला गणित सोडून एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलेल्या मुलांची मला अधिक काळजी वाटते. ‘एमए म्हणजे आर्ट्स, म्हणजे गणित नसेल’ अशा समजुतीने कॅनडाकडे वळलेला विद्यार्थी पहिल्याच सत्रात अडकतो, आणि ‘एमएससी आपल्याला झेपणार नाही’ म्हणून मागे सरलेल्या एखाद्या विद्यार्थिनीच्या हातून तिला सहज जमला असता असा अभ्यासक्रम जातो. इंग्लंडमधील काही विभाग सप्टेंबरमध्ये, वर्ग सुरू होण्यापूर्वी, गणित व संख्याशास्त्राची उजळणी घेतात. पण ती उजळणीच असते, आणि ज्याला कलन मुळातच ठाऊक नाही त्याचा पाया त्या थोड्या आठवड्यांत घातला जात नाही.

अमेरिकेच्या बाबतीत मात्र नावाआड लपलेली आणखी एक गोष्ट तपासावी लागते, आणि तिचा संबंध थेट पैशांशी आहे. तेथे प्रत्येक अभ्यासक्रमाला सरकारी वर्गीकरणानुसार सहा आकडी संकेतांक असतो. सर्वसाधारण अर्थशास्त्राचा संकेतांक ४५.०६०१ आहे आणि ‘अर्थमिती व संख्यात्मक अर्थशास्त्र’ याचा ४५.०६०३. एफ-वन व्हिसावर शिकलेल्या विद्यार्थ्याला पदवीनंतर ओपीटी या नावाने १२ महिने काम करता येते. अभ्यासक्रम ‘स्टेम’ म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या सरकारी यादीत असेल तर आणखी २४ महिने मागता येतात, मात्र त्यासाठी नोकरी देणारी कंपनी ई-व्हेरिफाय या, कर्मचाऱ्यांचा काम करण्याचा हक्क तपासणाऱ्या सरकारी व्यवस्थेत नोंदलेली असावी लागते. या दोन संकेतांकांपैकी दुसरा त्या यादीत आहे आणि पहिला नाही. एका आकड्याच्या फरकाने एक वर्ष किंवा तीन वर्षे! शैक्षणिक कर्ज फेडायचे असलेल्या घरासाठी हा फरक लहान नाही. अनेक विभागांनी गेल्या काही वर्षांत आपला अभ्यासक्रम ४५.०६०३ खाली नेला, तो याच कारणाने. आणि त्यांतील बऱ्याच पदव्यांचे नाव एमएच राहिले.

घोडबंदर रोडवरील एका मुलाला त्याच्या सल्लागाराने ‘एमएस म्हणजे सायन्स, म्हणजे स्टेम, म्हणजे तीन वर्षे’ असे छातीठोकपणे सांगितले होते. त्याने जागा राखून ठेवण्याची रक्कम भरल्यावर आय-ट्वेंटी हा व्हिसासाठी विद्यापीठ देते तो दस्तऐवज आला आणि त्यावर अभ्यासक्रमाच्या नावाशेजारी ४५.०६०१ असे छापलेले निघाले. प्रवेशपत्रावर हा आकडा सहसा नसतो, म्हणून पैसे भरण्यापूर्वी विभागाला ईमेल करून तो विचारून घ्यावा. हे नियम सरकार बदलू शकते, त्यामुळे थोरल्या भावाच्या वेळची माहिती धाकट्याच्या वेळी पुन्हा तपासून पाहिलेली बरी.

परत आल्यावर येथे काय, या प्रश्नाचे उत्तर तुलनेने थोडक्यात देता येते. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेसाठी अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यवसाय अर्थशास्त्र किंवा अर्थमिती या विषयांतील पदव्युत्तर पदवी लागते. पाहिला जातो तो विषय, अक्षरे नव्हेत. इंग्लंडमधील एका वर्षाची पदव्युत्तर पदवी येथे धरली जाते की नाही, हा जुना वाद जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांत झालेल्या सामंजस्य करारामुळे बराचसा मिटला. एमफिल या नावाविषयी मात्र एक सूचना द्यायला हवी: आपल्याकडे एमफिल ही एमए आणि पीएचडी यांच्यामधली पायरी होती आणि २०२२ च्या नियमांनी ती बंद झाली, तर ऑक्सफर्डची दोन वर्षांची आणि केंब्रिजची एका वर्षाची अर्थशास्त्रातील एमफिल या पदवीनंतर लगेच घेता येणाऱ्या, वर्गात शिकवल्या जाणाऱ्या पदव्या आहेत.

त्या मुलीने दोन्ही विभागांना एकसारखा ईमेल पाठवला आणि अनिवार्य विषयांची यादी, गेल्या वर्षीची सूक्ष्म अर्थशास्त्राची प्रश्नपत्रिका व प्रबंधाची अट एवढेच मागितले. इंग्लंडहून संकेतस्थळाचा दुवा आला. तेथील प्रश्नपत्रिकेत निम्मे प्रश्न लाग्रांजच्या पायरीचे होते आणि उरलेले धोरणविषयक. कॅनडाहून चौथ्या दिवशी जी प्रश्नपत्रिका आली, तिच्या पहिल्याच प्रश्नात पसंतीक्रमाची तीन गृहीतके देऊन मागणी फलनाचे सातत्य सिद्ध करायला सांगितले होते. आर्ट्सच्या पदवीचा तो पेपर तिच्या आईने हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, "यात आकडा एकही नाही, मग हे गणित कसं?" मुलगी तोपर्यंत पेन्सिल घेऊन बसली होती.