‘नवीन महाबळेश्वर’ : एका नावाची आणि तीन खोऱ्यांची पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचा पश्चिम भाग, पाटणचा कोयनाकाठ आणि तापोळ्याच्या आसपासची गावे यांचा उल्लेख अलीकडे सरकारी कागदांत आणि बातम्यांत ‘नवीन महाबळेश्वर’ असा होऊ लागला आहे. तिथला माणूस हा शब्द सहसा उच्चारत नाही. तो ‘कोयना भाग’, ‘सोळशी’, ‘कांदाटी खोरे’ किंवा नुसते ‘बामणोलीकडे’ म्हणतो. या भागात फिरायला निघालेल्यांच्या मनातला गोंधळ बहुधा याच नावापासून सुरू होतो, म्हणून आधी नावाविषयी.

महाबळेश्वर हे मुळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांच्या उगमाशी असलेले देवस्थान, म्हणजे ज्याला आज ‘क्षेत्र महाबळेश्वर’ किंवा ‘जुने महाबळेश्वर’ म्हणतात ते. १८२९ साली मुंबईच्या तत्कालीन गव्हर्नरांनी साताऱ्याच्या छत्रपतींना खंडाळा गाव देऊन त्या बदल्यात डोंगरमाथ्यावरची जागा घेतली आणि तिथे गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी थंड हवेचे ठिकाण वसवले. त्या बाजारपेठेचे नाव मालकमपेठ. कालांतराने मालकमपेठ हे नाव मागे पडले, देवस्थानाचे नाव गावाला चिकटले आणि देवस्थानाला ओळखीसाठी ‘जुने’ हे विशेषण लावावे लागले. म्हणजे पर्यटक ज्याला महाबळेश्वर म्हणतात, तेच खरे पाहता नवीन महाबळेश्वर आहे. आता ज्याला ते नाव दिले जात आहे तो बराचसा प्रदेश महाबळेश्वर तालुक्यातही मोडत नाही. एका गजबजलेल्या गावाचे नाव शेजारच्या खोऱ्यांना देण्यात सोय नक्कीच आहे, कारण त्या नावाला बाजार आहे. पण त्या नावाबरोबर मालकमपेठेचाच नमुना डोळ्यांसमोर येतो, ही अडचणही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

जावळीच्या जुन्या इतिहासाविषयी, म्हणजे १६५६ च्या स्वारीविषयी किंवा १८१८ मध्ये वासोटा किल्ला इंग्रजांच्या हाती कसा गेला याविषयी, वाचकांना वेगळे सांगायला नको. प्रस्तुत विषयाशी त्याचा संबंध एवढाच की हा मुलूख तेव्हा जंगलाचा आणि अवघड असला, तरी टोकाला पडलेला नव्हता. घाटवाटांनी कोकणात उतरणारी वर्दळ याच खोऱ्यांतून जात असे आणि नदीच्या दोन्ही काठांची गावे सोयरिकींनी बांधलेली होती.

आज ज्याला ‘दुर्गम’ म्हणतात ती स्थिती मुख्यतः कोयना धरणाने आणली. १९५४ मध्ये सुरू झालेले काम साठच्या दशकाच्या पूर्वार्धात पूर्ण होत आले आणि धरणाजवळच्या हेळवाकच्या वर तापोळ्यापर्यंत सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा शिवसागर जलाशय पसरला. खोऱ्यातली सखल भातखाचरे आणि नदीकाठची गावठाणे पाण्याखाली गेली. काही कुटुंबे रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशा जिल्ह्यांत पांगली. काही मात्र वरच्या डोंगरउतारावर सरकून तिथेच राहिली आणि पलीकडच्या काठावरच्यांना तालुक्याच्या गावी जायलाही लाँचची वाट पाहणे आले. राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली, म्हणजे कोयनेचे पाणी भरल्यानंतर दहा-बारा वर्षांनी. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने उरलीसुरली घडीही विस्कटली. जावळी-पाटणच्या घराघरांतून मुंबईला गिरणीत किंवा माथाडी कामाला जाण्याची रीत जुनीच होती. धरणानंतर ती जवळजवळ सक्तीची झाली.

त्यानंतरचे पाऊल वनखात्याचे. १९८५ मध्ये जलाशयाच्या दोन्ही बाजूंचे जंगल कोयना अभयारण्य म्हणून घोषित झाले, २०१० मध्ये ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले आणि २०१२ मध्ये कास पठार व कोयना अभयारण्य यांना पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. कासला गर्दी लोटली ती मुख्यतः त्यानंतर, आणि कासवरून पुढे जाणारा रस्ता बामणोलीला उतरत असल्याने तिचा एक ओघ खाली जलाशयापर्यंत आला. तंबूंचे मुक्काम आणि काठावरची जेवणाची ठिकाणे दिसू लागली ती याच काळात.

या पार्श्वभूमीवर २०१९ मध्ये राज्य सरकारने २३५ गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. ते काम दिले गेले रस्ते आणि पूल बांधणाऱ्या महामंडळाकडे. विकास आराखड्याचा मसुदा पुढे आला आणि हरकती-सूचना मागवल्या गेल्या, तेव्हा म्हणजे २०२४ मध्ये, वाद उघड झाला. त्याच वर्षी आणखी २९४ गावे जोडली जाऊन एकूण संख्या ५२९ वर गेली. वादाला ‘पर्यावरणवादी विरुद्ध गावकरी’ असे रूप देण्याची घाई अनेकांनी केली, ते बरोबर नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या निर्बंधांवर चिडलेल्या गावांतूनच रस्ता आणि पूल हवा अशी मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे, आणि तापोळा-आहिर पुलाचे तिथे स्वागतच झाले. प्रश्न पुलाचा नसून जमिनीचा आहे. डोंगरउतारावरची सामाईक, वाटण्या न झालेली आणि मुंबईत राहणाऱ्या भावकीच्या नावांनी भरलेली सातबाऱ्यावरची जमीन आराखड्याची नुसती चाहूल लागताच विकली जाऊ लागते. कांदाटी खोऱ्यातल्या एका गावची शेकडो एकर जमीन मोजक्या बाहेरच्या खरेदीदारांकडे गेल्याचे प्रकरण त्याच वर्षी गाजले आणि कमाल जमीनधारणेच्या चौकशीपर्यंत पोहोचले. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे बांधकामाला जागा उरली नाही म्हणून शेजारी ‘नवीन’ गाव हवे, हा युक्तिवाद मान्य करायचा तर या खोऱ्यांतील जंगल त्याहून कमी मोलाचे आहे असे आधी दाखवावे लागेल. मसुद्यावरच्या चर्चेत तसा प्रयत्न फारसा दिसला नाही.

प्रवाशाला या सगळ्याची खूण सहज दिसते, पण तिची ओळख नसते. मे महिन्यात पाणी खाली गेले की बामणोलीच्या पुढे तांबड्या गाळातून जुन्या घरांची जोती वर येतात, आणि त्याच उघड्या पडलेल्या पट्ट्यांवर काठावरची कुटुंबे गाळपेर, म्हणजे ओल्या गाळातली पेरणी, करतात. ही जमीन कागदोपत्री सरकारची असते. एकेकाळी ती कोणाच्या आजोबांची होती, हे लाँचवाला बोट दाखवून सांगतो. वासोट्याला जाणाऱ्यांच्या पिशव्यांतल्या प्लास्टिकच्या बाटल्या जंगलाच्या तोंडाशी मोजून वहीत लिहिल्या जातात आणि परतताना तेवढ्याच परत दाखवाव्या लागतात. गाळपेरीच्या पट्ट्या आखून देण्याचे काम मात्र दर उन्हाळ्यात नव्याने होते, कारण पाणी कुठवर उतरेल हे धरणावरच्या विसर्गावर ठरते.